नऊ जणांत बसवलेली रांग: राष्ट्रीय युवा महोत्सवाला गेलेल्या एका एकांकिका संघाचे प्रकरण

महाराष्ट्रातील एका विद्यापीठाची मराठी एकांकिका पश्चिम विभागीय फेरीतून निवडली गेली आणि तिचा संघ राष्ट्रीय युवा महोत्सवासाठी लुधियानाला गेला. त्या संघाबरोबर जे शिक्षक होते त्यांपैकी मी एक होतो. विद्यापीठांचे सांस्कृतिक समन्वयक, महाविद्यालयांतील नाट्यविभागाचे शिक्षक आणि असे संघ परगावी घेऊन जाणारे व्यवस्थापक यांच्या उपयोगासाठी हे प्रकरण लिहिले आहे. विद्यापीठाचे व विद्यार्थ्यांचे नाव, एकांकिकेचे शीर्षक आणि तिला मिळालेला क्रमांक या गोष्टी दिलेल्या नाहीत, कारण त्यांवरून मुले ओळखू येतील आणि संघातून वगळल्या गेलेल्या मुलांबद्दल मोकळेपणाने लिहिता येणार नाही.

अशा दौऱ्यात कामाची विभागणी बहुधा ठरलेली असते. नाटकाचे दिग्दर्शकाने पाहावे, आणि तिकिटे, सामान, ओळखपत्रे व जेवणखाण व्यवस्थापकाने. या प्रकरणात ती विभागणी पहिल्या आठवड्यातच मोडली. किती माणसे न्यायची याचा निर्णय रंगमंचावरच्या दृश्याने घेतला, त्या दृश्याने सामान वाढवले, आणि सामान गाडीत मावेना म्हणून दृश्य पुन्हा बदलावे लागले. हा क्रम नीट पाहिला तर प्रवासाचे निर्णय हेही दिग्दर्शनाचेच निर्णय असतात, हे माझे म्हणणे स्पष्ट होईल.

नियमांची चौकट

राष्ट्रीय युवा महोत्सव भारतीय विश्वविद्यालय संघ भरवतो. आधी विभागीय फेऱ्या होतात आणि त्यांतून वरचे संघ राष्ट्रीय फेरीला जातात. एकांकिकेचे नियम थोडक्यात असे आहेत. सादरीकरण तीस मिनिटांचे असते. रंगमंचावर जास्तीत जास्त नऊ कलाकार आणि मदतीला तीन साथीदार, असा एकूण बारा जणांचा संघ असतो. रंगमंच रिकामा मिळतो आणि रिकामाच परत द्यावा लागतो. नेपथ्य लावणे आणि काढणे यांसाठी दहा मिनिटांपर्यंत वेळ मिळतो. नेपथ्य, प्रॉपर्टी (म्हणजे प्रयोगात वापरायच्या वस्तू) आणि रंगभूषेचे साहित्य संघाने स्वतः आणायचे असते. दिवे आणि साधे फर्निचर आगाऊ मागणी केल्यास मिळू शकते. हिंदी वा इंग्रजीशिवाय अन्य भाषेत प्रयोग करता येतो, मात्र कथासार हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून व्यवस्थापकांच्या बैठकीच्या दिवशी द्यावे लागते. प्रयोगाच्या किमान दोन तास आधी संघाने हजर राहायचे असते. विद्यार्थ्याचे वय पंचवीस वर्षांच्या आत असावे लागते.

यातला नऊ हा आकडा मराठी एकांकिकेला अडचणीचा आहे. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने आणि त्यानंतर राज्यभर उभ्या राहिलेल्या स्पर्धांनी आपल्याकडे एकांकिकेची जी घडण केली, तिच्यात समूहाचा वाटा मोठा आहे. मोर्चा, बाजार, वारी, रेल्वेचा फलाट ही दृश्ये आपली मुले हौसेने बसवतात आणि ती चांगली बसतातही. एखाद्या महाविद्यालयात नाटक करणारी तीस मुले असतील तर प्रत्येकाला मंचावर उभे राहण्याची संधी समूहामुळेच मिळते, आणि ती मिळावी असे मलाही वाटते. हीच एकांकिका विद्यापीठातर्फे पाठवायची म्हटली, की त्या समूहाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो.

मूळ एकांकिका

एकांकिका लातूरच्या २०१६ सालच्या दुष्काळावर होती. त्या वर्षी मार्चमध्ये शहरातील पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जमावबंदीचा आदेश निघाला होता, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली, त्याची छायाचित्रे देशभर छापून आली. एकांकिकेत ती गाडी दिसत नाही. दिसते ती गाडी येण्याच्या आधीची एक पहाट, एका वस्तीतील टँकरची जागा आणि तिथली रांग. एक म्हातारी, तिची सून, कामावर जाण्याची घाई असलेला मजूर, परीक्षा असलेला मुलगा, नंबरावरून भांडणाऱ्या दोन जावा, आणि जमावबंदीचा आदेश वाचून दाखवायला आलेला हवालदार. खुल्या स्पर्धेत हा प्रयोग झाला तेव्हा मंचावर चौदा जण होते आणि मागे लोखंडी पाइपांचा सांगाडा पत्र्याने मढवून टँकरची मागची बाजू उभी केलेली होती. प्रयोग दमदार होता. गर्दीचा रेटा, आरडाओरडा आणि शेवटी सांडलेली एक घागर, यांवर तो पेललेला होता.

विद्यापीठाने विभागीय फेरीसाठी ही एकांकिका निवडली तेव्हा चौदाचे नऊ करणे भाग होते. पाच मुले कमी करायची होती.

माणसे कमी झाली, घागरी वाढल्या

दिग्दर्शक हा पदव्युत्तर वर्गात शिकणारा विद्यार्थी होता. त्याने पहिल्यांदा जे केले ते कोणीही करील असेच होते. त्याने लहान भूमिका काढल्या, दोन भूमिका एकाला दिल्या आणि उरलेल्या नऊ जणांत तीच रांग उभी केली. दृश्य साफ पडले. चौदा जणांच्या रेट्यासाठी बसवलेली धक्काबुक्की नऊ जण करू लागले की मंच रिकामा दिसायचा आणि आरडाओरडा उसना वाटायचा. तालमीला आलेल्या एका ज्येष्ठ नेपथ्यकारांनी एकच प्रश्न विचारला, "आदेशात किती माणसं सांगितलीत?" आदेश पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला होता. म्हणजे एकांकिकेच्या संहितेतला हवालदार चारच जणांना उभे राहू देणार. मग टँकरपाशी गर्दी दाखवायचे कारणच काय?

तिथून दृश्य नव्याने बसले. आपल्याकडे टँकरच्या रांगेत माणूस नसला तरी त्याची घागर नंबर धरून असते. रात्रीच घागरी मांडून ठेवायच्या, त्यांवर खूण म्हणून चिंधी बांधायची किंवा रंगाने नाव घालायचे, आणि टँकरचा आवाज आला की धावत यायचे, हे ज्यांनी दुष्काळी गावात उन्हाळा काढला आहे त्यांना सांगायला नको. नव्या मांडणीत मंचावर एका वेळी चारच माणसे आणि त्यांच्यामागे सव्वीस घागरींची रांग राहिली. उरलेले पाच नट विंगेच्या तोंडाशी, आदेशाच्या हद्दीबाहेर, आपापल्या घागरीवर डोळा ठेवून उभे. हवालदार माणसे मोजतो, घागरी मोजत नाही. पाचवा माणूस पुढे आला की शिट्टी वाजते. गर्दी न दाखवता गर्दी दिसू लागली, आणि मला तर हा प्रयोग चौदा जणांच्या प्रयोगापेक्षा सरस वाटला. नियमाने लादलेली अडचण संहितेतच असलेल्या एका आदेशाने सुटली. पण ती सुटली, कारण कोणीतरी संहिता पुन्हा वाचली. केवळ माणसे वजा करत राहिल्याने ती सुटली नसती.

वगळलेल्या पाच जणांच्या बाबतीत जे झाले ते मात्र चांगले झाले नाही. नऊ जणांची यादी रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकण्यात आली. खुल्या स्पर्धेत ज्याच्या मजुराच्या भूमिकेला टाळ्या पडल्या होत्या त्या मुलाला आपले नाव नाही हे गावाकडे, एसटीत बसलेला असताना कळले. त्याने कोणाला काही विचारले नाही आणि पुढच्या तालमीला तो आला नाही. यादी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. नव्या मांडणीत मजुराची भूमिका जवळजवळ उरलीच नव्हती, आणि ज्यांना दोन भूमिका करता येत होत्या त्यांनाच घेणे योग्य होते. परंतु वर्षभर ज्याने नाटकासाठी रात्री जागवल्या त्याला हे समोर बसवून, कारणासह सांगणे हे दिग्दर्शकाचे आणि त्याच्याबरोबर आम्हा शिक्षकांचेही कर्तव्य असते. ते गटावरच्या संदेशावर सोपवण्यासारखे काम नव्हे.

पाचांपैकी एका मुलीला साथीदार म्हणून घेतले गेले. जावांपैकी एक ती करायची. तिचा गळा चांगला होता आणि एकांकिकेत म्हातारी दोनदा ओवी गुणगुणते, तिथे सूर धरायला विंगेत कोणीतरी हवे होते. ही निवड पुढे फार मोलाची ठरली.

सामान आणि गाडी

विभागीय फेरी रस्त्याने जाण्याजोग्या अंतरावर होती. संघ बसने गेला आणि टँकरचा सांगाडा व सव्वीस घागरी टेम्पोतून गेल्या. लुधियाना पुण्याहून रेल्वेने सुमारे १,९०० किलोमीटर आहे. पुणे ते जम्मू तावी जाणारी झेलम एक्स्प्रेस भुसावळ, भोपाळ, झाशी, नवी दिल्ली, अंबाला या वाटेने लुधियानाला जाते आणि प्रवासात दोन रात्री व मधला एक पूर्ण दिवस जातो. टेम्पो एवढ्या लांब पाठवणे विद्यापीठाच्या तरतुदीत बसणारे नव्हते.

रेल्वेचे सामानाचे नियम या कामात सुरुवातीलाच वाचायला हवेत. शयनयान श्रेणीत प्रत्येक प्रवाशाला ४० किलोपर्यंत सामान विनामूल्य नेता येते आणि जादा आकार भरून ८० किलोपर्यंत नेता येते. मात्र डब्यात न्यायची पेटी १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि २५ उंच यापेक्षा मोठी असता कामा नये. त्याहून मोठे सामान गार्डच्या डब्याला जोडलेल्या सामानयानात टाकावे लागते. आमच्या घागरींचे वजन काहीच नव्हते. अडचण आकाराची होती. प्लॅस्टिकची घागर पोकळ असते आणि पोटाशी फुगीर असल्यामुळे एकात एक जात नाही, त्यामुळे सव्वीस घागरी म्हणजे एक अख्खा कप्पा. सामानयानाचा पर्याय व्यवस्थापकांनी विचारात घेतला आणि सोडून दिला, कारण मधल्या स्थानकावर गाडी थोडा वेळच थांबते, तेवढ्यात सामान उतरवून घेणे आपल्या हातात नसते, आणि प्रयोगाचे सामान पुढे निघून गेले तर त्यावर दुसऱ्या दिवशी इलाज नसतो. मला हा निर्णय पटला. ज्या वस्तूवाचून प्रयोग होऊ शकत नाही ती वस्तू संघाच्या नजरेआड जाऊ देऊ नये.

लुधियानात घागरी विकत घेण्याचाही विचार झाला. भांडी तिथे मिळतीलच, पण आपल्याकडच्या टँकरच्या रांगेत दिसते तशी निळी, पिवळी, हिरवी, गळ्याशी निमुळती घागर नेमकी मिळेल याची खात्री कोणी देऊ शकले नाही, आणि दृश्य तर त्याच आकारावर उभे होते.

तोडगा काढला नेपथ्य सांभाळणाऱ्या मुलाने. हा मुलगा यंत्र अभियांत्रिकी शिकणारा होता. त्याने एक घागर तापवलेल्या पात्याने गळ्यापासून बुडापर्यंत उभी चिरली. प्रेक्षकांना घागरीचा पुढचा भागच दिसतो, तेव्हा एका घागरीतून दोन घागरी होतात, आणि ही अर्धी कवचे वाट्यांसारखी एकात एक बसतात. मागून लाकडाचा लहान त्रिकोणी ठोकळा स्क्रूने लावला की कवच उभे राहते. दहा घागरी चिरून वीस कवचे झाली. ज्या नटांना उचलायच्या, भरायच्या आणि सांडायच्या होत्या अशा सहा घागरी अखंड ठेवल्या आणि त्यांच्या पोटात लुगडी व धोतरे कोंबली. ठोकळे एका पिशवीत गेले. टँकरचा सांगाडा मागे ठेवला आणि त्याऐवजी विंगेतून मंचावर येणारी जाड रबरी नळी तेवढी घेतली. नळीच्या टोकाला लोंबकळणारी बादली आणि पाण्याऐवजी येणारा हवेचा फुस्स आवाज यांनी टँकर पुरेसा उभा राहतो, हे तालमीत सगळ्यांना दिसले. मला तर पत्र्याच्या टँकरपेक्षा ती नळी जास्त बोलकी वाटली.

अर्ध्या घागरींनी दोन नवे प्रश्न निर्माण केले. पहिला आवाजाचा. मूळ प्रयोगात हवालदार निघून गेल्यावर सगळे रागाने घागरी बडवतात. चिरलेली घागर वाजत नाही, फडफडते. म्हणून ते बडवणे सहा अखंड घागरींपुरते ठेवले आणि त्यांची जागा प्रेक्षकांच्या जवळ आणली. दुसरा प्रश्न वेळेचा होता. वीस कवचे ठोकळ्यांसह, ठरलेल्या अंतरावर, रेषेत उभी करायला आणि त्याच दहा मिनिटांत दिव्यांचे क्यू, म्हणजे कोणता दिवा कधी बदलायचा ते, लावायला वेळ पुरेना. दिग्दर्शकाने घागरी मांडणे हाच पहिला प्रवेश केला. निळसर उजेडात एकेक बाई येते, घागर ठेवते, खूण तपासते, जाते. यात तीसपैकी जवळजवळ तीन मिनिटे गेली आणि तेवढे संवाद मधून काढावे लागले. जावांचे भांडण निम्मे झाले. लेखकाला ते जिव्हारी लागले, पण तालीम पाहिल्यावर तो स्वतःच म्हणाला की भांडण का होते हे आता आधीच कळते.

तिकिटांबद्दल एकच गोष्ट सांगतो. विभागीय निकाल आणि राष्ट्रीय फेरी यांत फार दिवस नसतात आणि संघातील नावे शेवटपर्यंत बदलू शकतात. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेच्या गटात एका विद्यार्थ्याचे आरक्षण दुसऱ्याच्या नावे करता येते. त्यासाठी संस्थाप्रमुखाने गाडी सुटण्याच्या किमान ४८ तास आधी लेखी विनंती करावी लागते, आणि गटाच्या दहा टक्क्यांहून अधिक नावे बदलता येत नाहीत. हा नियम माहीत असल्यामुळे विद्यापीठाच्या संपूर्ण पथकाची तिकिटे एकाच गटात काढली गेली. केवळ बारा जणांच्या गटात एकच नाव बदलता आले असते.

भाषा आणि कथासार

मराठी बोलीतली एकांकिका हिंदीत करावी का, यावर संघात बराच वाद झाला. हिंदीच्या बाजूने असलेल्यांचे म्हणणे साधे होते, की परीक्षकांना कळले पाहिजे. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे होते की म्हातारीची मराठवाडी बोली काढली तर एकांकिकेत उरते काय. मी दुसऱ्या बाजूचा होतो आणि अजूनही आहे. पण बोली ठेवायची असेल तर न कळणाऱ्या शब्दांचा भार कृतीने उचलला पाहिजे, ही पहिल्या बाजूची मागणी रास्त होती. त्यामुळे प्रत्येक प्रवेश एकदा संवाद न म्हणता करून पाहिला गेला, आणि जिथे काय चालले आहे हे समजत नव्हते तिथे कृती घातली. हवालदाराचा आदेश हा सरकारी मराठीतला लांबलचक मजकूर होता. तो दोन वाक्यांवर आणला आणि पुढचे काम बोटांनी केलेल्या मोजणीने व शिट्टीने केले.

कथासाराची पहिली प्रत विद्यार्थ्यांनी लिहिली ती वाचताना एक गोष्ट खटकली. पंजाबला पाण्याची टंचाई काय कळणार, असा सूर तिच्यात होता. पाच नद्यांच्या नावाचा प्रदेश आणि कालव्यांची शेती एवढेच त्यांच्या डोळ्यांसमोर होते. वास्तविक पंजाबात भूजल इतके खाली गेले आहे की भाताची लावणी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पुढे ढकलणारा कायदा त्या राज्याला २००९ मध्ये करावा लागला. ज्या शेतकऱ्याने दर काही वर्षांनी कूपनलिका आणखी खोल नेली आहे त्याला घागरीची रांग परकी वाटण्याचे कारण नाही. मुलांना हे सांगितल्यावर कथासाराचा सूर बदलला. दुष्काळ म्हणजे काय याचे स्पष्टीकरण गेले, आणि टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती ही एकच माहिती पहिल्या वाक्यात आली. यजमान शहराला अडाणी समजून लिहिलेला कागद परीक्षकांच्या हाती द्यायचा नाही, एवढे तरी आपण पाळले पाहिजे.

लुधियानात

महोत्सवाची सुरुवात सांस्कृतिक शोभायात्रेने होते आणि प्रत्येक विद्यापीठाचे पथक आपापल्या प्रदेशाचा वेश, वाद्ये आणि नृत्ये घेऊन तिच्यात चालते. आमच्या पथकाने लेझीम आणि हलगी नेली होती. पथक लहान असल्यामुळे एकांकिकेच्या मुलांनाही त्यात घेतले गेले, आणि त्यांनी जीव तोडून घोषणा दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीची भूमिका करणाऱ्या मुलीचा आवाज बसला. फुटत होता तो घोगरा आणि तुटक. प्रयोग त्या संध्याकाळी होता.

हा या प्रकरणातला सर्वांत कठीण निर्णय होता आणि त्याला तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे विंगेतली गाणारी मुलगी म्हातारी करील. तिला सगळे संवाद पाठ होते, कारण ती मूळ चौदांत होती. पण नवे ब्लॉकिंग, म्हणजे मंचावर कुठे उभे राहायचे आणि कसे हलायचे ते, तिने मंचावर कधी केले नव्हते आणि घागरींच्या रांगेत एक पाऊल चुकले तर कवच आडवे पडून मागचा ठोकळा दिसला असता. दुसरी म्हणजे म्हातारीचे संवाद कापायचे. तिसरी म्हणजे भूमिका तिचीच ठेवायची, संवाद नेमके तेवढे ठेवायचे, आणि दोन्ही ओव्या विंगेतून गाऊन घ्यायच्या. डॉक्टरांनी तपासून वाफ, कोमट पाणी आणि पूर्ण मौन सांगितले. दिग्दर्शक पहिल्या वाटेकडे झुकला होता. तेव्हा संघव्यवस्थापक मॅडमनी आग्रह धरला की निर्णय त्या मुलीला विचारून घ्यावा. तिने वहीत लिहून दिले, "सर, मी करते. ओव्या तिला द्या." तिसरी वाट ठरली.

पहिली ओवी सुरू होते ती अशी: "पहिली माझी ओवी गं, रित्या माझ्या घागरीला". ही ओळ विंगेतून आली तेव्हा म्हातारी घागरीवर हात ठेवून गप्प बसलेली होती, आणि रांगेतल्या बाकीच्या बायकांनी माना वळवून आवाजाच्या दिशेला पाहिले. हे पाहणे दुपारी ठरवले गेले होते. त्यामुळे ओवी एका म्हातारीची न राहता वस्तीतल्या न दिसणाऱ्या बाईची झाली. ही सुधारणा आधी कोणाला सुचली नव्हती. मी तिला योगायोग म्हणणार नाही, कारण वगळलेल्या मुलीला साथीदार म्हणून घेतले नसते तर ती शक्य झाली नसती.

मंचाची एक अडचण शेवटी आली. हजेरीसाठी गेलो तेव्हा दिसले की प्रेक्षकांची बैठक मंचाला दोन्ही बाजूंनी थोडी वेढणारी होती. मंचाला समांतर लावलेली अर्धी कवचे टोकाच्या खुर्च्यांवरून मागून उघडी दिसली असती. नेपथ्याच्या मुलाने मांडणीसाठी खुणांच्या गाठी मारलेली सुती पट्टी बरोबर आणली होती. ती पसरायची, गाठीवर घागर ठेवायची आणि पट्टी ओढून घ्यायची, अशी त्याची पद्धत. पट्टी सरळ न धरता मध्यावर वाकवून रुंद कोनात धरली आणि सहा अखंड घागरी दोन्ही टोकांना ठेवल्या, म्हणजे कडेने दिसणाऱ्या त्या पूर्ण घागरीच राहिल्या. हाताशी असलेल्या दोन तासांत पहिला प्रवेश या कोनात पुन्हा बांधून घेतला. दोन तास आधी हजर राहण्याचा नियम संघांना जाचक वाटतो, पण या संघाचा प्रयोग त्याच दोन तासांनी वाचवला.

प्रयोग वेळेत संपला. शिट्टीच्या पहिल्या प्रसंगाला लोक हसले. तिसऱ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा सभागृहात हसू नव्हते, आणि भाषा अडली नाही हे मला त्या वेळी कळले.

निर्णयांबद्दल

घागरी चिरणे आणि ओव्या वाटून देणे या दोन निर्णयांची सगळीकडे वाहवा झाली. माझ्या मते त्यांच्याहून मोठा निर्णय आदेशातला आकडा वाचून रांग पुन्हा रचणे हा होता, कारण पुढचे सगळे त्यातून आले. शोभायात्रेत प्रमुख नटीला घोषणांसाठी उभे करणे हे टाळायला हवे होते. पथकाला गुण हवे असतात आणि शोभायात्रेची हौस मुलांनाही असते, पण त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी ज्यांचा प्रयोग आहे त्यांनी लेझीम खेळावी आणि घोषणा इतरांवर सोपवाव्यात, एवढे सहज करता आले असते.

विद्यार्थी विकास विभागाने यानंतर काही गोष्टी बदलल्या. विद्यापीठाच्या फेरीसाठी एकांकिका दाखल करतानाच नऊ आणि तीन यांची नावे, प्रॉपर्टीची यादी आणि त्या प्रॉपर्टीची मापे सेंटिमीटरमध्ये मागवली जातात. ज्या महाविद्यालयाला चौदा जणांचेच नाटक करायचे असेल त्याने ते खुल्या स्पर्धेत जरूर करावे, पण विद्यापीठाच्या फेरीला येताना नऊ जणांची मांडणी घेऊन यावे. साथीदारांच्या तीन जागांपैकी एक जागा मूळ संचातल्या अशा विद्यार्थ्यासाठी राखली जाते ज्याला संहिता पाठ आहे. संघनिवडीची यादी दिग्दर्शक आणि एक शिक्षक यांनी समक्ष जाहीर करायची, असेही ठरले आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. महोत्सवाचे प्रमाणपत्र नोंदवलेल्या बारा जणांनाच मिळते आणि सांस्कृतिक सहभागाच्या सवलतीच्या गुणांसाठी तेच धरले जाते. ज्या चार मुलांनी ही एकांकिका उभी केली आणि जी लुधियानाला गेली नाहीत, त्यांना विद्यापीठाने आपल्या पातळीवर प्रमाणपत्र द्यावे असा प्रस्ताव मी विभागाकडे दिला आहे. त्यासोबत खुल्या स्पर्धेची कलाकारयादी जोडली आहे, आणि तिच्यात मजुराची भूमिका करणाऱ्या मुलाचे नाव दुसरे आहे.